इस्त्री थंड होती

४ फेब्रुवारी

भाऊजी,

त्या दिवशी सकाळी मी राजाचा झगा उलटा करून गॅलरीतल्या दोरीवर टाकला होता. आदल्या प्रयोगाचा घाम वाळल्याशिवाय त्याला इस्त्री लावून चालायचं नाही. मग दाढी विंचरली. ती विंचरायला घेतली की हे म्हणायचे, "माझ्या डोक्यापेक्षा तिचेच लाड जास्त." मग कमरपट्ट्याचा सैल झालेला आकडा घट्ट शिवला. मुकुटाच्या आत जाडसर पट्टी लावली, कारण त्या वर्षात यांचं डोकं बारीक झालं होतं. डोकं कुणाचं बारीक होतं का? पण झालं होतं खरं. हे खिडकीशी उभे राहून तिसरा अंक पुटपुटत होते, आणि मी हातातलं काम न थांबवता त्यांच्या पुढचे शब्द मनात म्हणत होते. तेवढ्यात दूध उतू गेलं. ते पुसलं. एवढीच ती सकाळ.

तुमचं पत्र वाचलं आणि ही सकाळ आठवली. बाकीचं पत्र दोनदा वाचूनही डोक्यात शिरलं नाही.

यांना जाऊन इतकी वर्षं झाली, तुमची चार ओळींची चिठ्ठी नाही. आणि आता एकदम पानंच्या पानं. "नियतीचा फेरा." "काळाचा न्याय." "वहिनी, रंगभूमी तुम्हाला हाक मारते आहे." भाऊजी, रंगभूमीला तोंड नाही. हाक तुम्ही मारताय. सरळ लिहायला काय झालं होतं, की आता राजा मी आहे, वय झालंय, वाक्यं विसरायला होतात, या आणि विंगेत प्रॉम्प्टिंगला बसा?

जाऊबाई बसतात ना तिथे. हो, कळलं मला. पान उलटलं की चष्मा शोधतात, चष्मा सापडला की पान हरवतं. शिवाय तुम्ही नुसता श्वास घेतलात तरी भीतीपोटी वाक्य फेकतात. आपल्या कंपनीचा नियम त्या बिचारीला कुणी समजावून सांगितलाच नसेल. थांबणं हे नटाचं असतं. तो थांबला म्हणजे विसरला असं नाही. त्याने कमरपट्ट्याच्या बकलावर हात ठेवला तरच विंगेतून आवाज जायचा, नाहीतर आभाळ कोसळलं तरी गप्प बसायचं. यांच्या त्या थांबण्यासाठी लोक तिकीट काढायचे.

आणि पत्राच्या शेवटी, बारीक अक्षरात: "जावईबापूंची नजर मला बरी वाटत नाही." जावईबापू आता प्रधानाचं काम करतात म्हणे, तुम्ही करायचात तेच. प्रधानाचं काम करता करता माणसाला राजाच्या झग्याचं माप कसं पाठ होतं, ते तुमच्याइतकं कुणाला कळणार? म्हणून तुम्हाला विंगेत असं माणूस हवंय, जे कुणाच्या सांगण्याने जागचं उठणार नाही. आणि असं माणूस म्हणून तुम्हाला कोण आठवलं, तर मी. यावर हसावं की तुमच्या तोंडावर दार लावावं, ते मला ठरवता येईना. म्हणून पत्र लिहायला बसले.

येते की नाही ते नंतर बघू. आधी एवढंच लिहा. त्या दिवशीच्या प्रयोगात तिसऱ्या अंकाला, रंगमंचावर जायच्या आधी, विंगेतल्या माझ्या स्टुलाशी वाकून तुम्ही मला काय सांगितलंत?

तुमची वहिनी

१२ फेब्रुवारी

भाऊजी,

"मला खरोखरच जळल्याचा वास आला होता, वहिनी."

वा. म्हणजे सुंभ जळला, पण पीळ आहे तसाच आहे.

मग ऐका, मीच सांगते. तुम्ही प्रधानाच्या वेशात होतात, टोपीवरचं पीस माझ्या गालाला लागलं. म्हणालात, "वहिनी, मागे इस्त्री चालू राहिलीय वाटतं. जळल्याचा वास येतोय. जा, बघून या. तोवर मी आहे ना इथे."

तोवर मी आहे ना इथे. आणि मी उठले. तुमच्यावर विश्वास ठेवायला मला विचार करावा लागत नव्हता हो. मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही शाळेत जात होतात, तुमच्या शर्टांची बटणं मी लावली.

कपड्यांची खोली त्या लांब बोळाच्या टोकाला, पाण्याच्या टाकीच्या पलीकडे. धावत गेले. इस्त्री मी ठेवली होती तशीच होती, वायर मुठीला गुंडाळलेली. तरी खात्री म्हणून तिच्यावर तळहात टेकवला. थंड. आणि भाऊजी, माझा मूर्खपणा बघा, मला बरं वाटलं. म्हटलं, वाचलं बाई, झगे वाचले. तशीच हात टेकून मी दम खात उभी राहिले. तेवढ्यात भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज आला.

तिसऱ्या अंकात हसण्यासारखं काही नाही.

पुढचं मला समोरच्या विंगेतल्या पत्रेवाल्याने सांगितलं. वीज-गडगडाटासाठी पत्रा हलवायचा एवढंच त्याचं काम, पण नजर पक्की. किल्ला पडलेला. राजा प्रधानाला घेऊन दरवाजाशी येतो, अडसरावरून हात फिरवतो आणि त्याला कळतं, की आपल्याच माणसाने दार उघडून दिलं. तो म्हणतो, "हा दरवाजा बाहेरून फुटलेला नाही." अख्खं नाटक त्या वाक्यावर उभं आहे. यांनी अडसरावर हात फिरवला. थांबले. लोकांनी श्वास रोखला. मग यांनी बकलावर हात ठेवला. विंगेतून काही नाही. पुन्हा ठेवला. काही नाही. प्रेक्षकांत कुणीतरी खोकलं. मग यांनी तुमच्याकडे बघितलं.

तुम्ही हातभर अंतरावर उभे होतात. ते वाक्य तुम्हाला पाठ होतं. पत्रेवाल्यालासुद्धा पाठ होतं. समोरचा अडला की त्याचं वाक्य प्रश्न करून त्याच्या हातात द्यायचं, हे तुम्हाला यांनीच शिकवलेलं. "महाराज, हा दरवाजा बाहेरून तर फुटला नाही ना?" एवढं म्हटलं असतंत तर आभाळ फाटलं नसतं. तुम्ही गप्प राहिलात. पत्रेवाला म्हणाला, "वहिनी, मी पत्रा हलवला. वेळ नव्हती, तरी हलवला. मला दुसरं काय करता येणार होतं?" अवेळी गडगडाट झाला आणि लोक हसले. पहिल्या रांगेत त्या नव्या मोठ्या थिएटरची माणसं नाटक पारखायला बसली होती, तीही हसली. त्यांनी नाटक घेतलं, राजा मात्र बदलून मागितला.

तुम्ही पत्रात लिहिता, "महत्त्वाकांक्षा हा माणसाला जडलेला शाप आहे." शाप म्हणे! भाऊजी, मी शाळेत गेले नाही. वाचायला मी त्याच स्टुलावर शिकले, यांचे ओठ आणि कागदावरची अक्षरं जुळवत जुळवत. नंतर लायब्ररीतली शोकांतिकांची फळी रिकामी केली. हे गेल्यावर तर दुसरं काही सुचायचंच नाही. सगळ्यांत तेच. घात करणाऱ्याला लेखकाने काय काय द्यावं! पानभर स्वगत, अंगावर निळा उजेड, हात थरथरणार, आरशात बघून बोलणार. आणि ज्याचा घात झाला त्याला दोन ओळी आणि पडायला जागा. मला त्या लेखकांचा राग येतो. लोक घरी जातात ते घात करणाऱ्याची वाक्यं म्हणत.

तुमच्या घाताला ना स्वगत होतं, ना गडगडाट. एक इस्त्री होती, तीही बंद.

वास आला होता म्हणू नका. पुन्हा लिहा.

तुमची वहिनी

२० फेब्रुवारी

भाऊजी,

पत्राऐवजी तुम्ही जाऊबाईंना पाठवलंत. बाईला पुढे करायची तुमची खोड गेली नाही.

त्या बिचाऱ्या पायऱ्या चढून आल्या, खुर्चीत टेकल्या आणि पदराने वारा घेत म्हणाल्या, "ताई, तुम्ही या हो. माझ्या अंगावर ओरडतात नुसते. परवा सगळ्यांसमोर म्हणाले, तुझ्यापेक्षा भिंतीतली खुंटी बरी, ती निदान चुकीचं बोलत नाही."

"मग खुंटीलाच बसवा म्हणावं."

"ती झगे धरते ना, तिला वेळ कुठाय!"

दोघी हसलो. बऱ्याच वर्षांनी दोघी एका खोलीत हसलो. मी चहा टाकला. त्यांनी लेकीचं सांगितलं, जावयाचं सांगितलं. जावई आरशासमोर मुकुट घालून बघत होता म्हणे आणि लेक म्हणाली, "अहो, तो बाबांचा आहे." तर तो म्हणाला, "आत्ता आहे."

मग चहा संपवून, माझ्या हातावर हात ठेवून, अगदी मायेने म्हणाल्या, "ताई, तेव्हा तुम्ही जागेवर नव्हतात ते आता मनातून काढून टाका. चूक कुणाकडून होत नाही? आम्ही कुणीच ते मनात ठेवलेलं नाही."

भाऊजी, त्या मला माफ करायला आल्या होत्या!

मी कप विसळायला आत गेले आणि नळ सोडून उभी राहिले. म्हणजे इतकी वर्षं अख्ख्या कंपनीत हेच आहे. राजा विसरला, कारण त्याची बायको स्टूल सोडून कुठेतरी हिंडत होती. मला वाटायचं, माझ्याशी लोक बोलायचे थांबले ते संकोचाने. मेकअपवाले काका बाजारात मला बघून रस्ता ओलांडतात, तो काय संकोच? तुमच्या तोंडून हे कधी निघालं नसेल, एवढे तुम्ही हुशार आहात. तुम्ही फक्त मूग गिळून बसलात. त्या दिवशी रंगमंचावर बसलात तसेच.

माझं काय व्हायचं ते होऊ दे, मी मेले तर कंपनीचा एक प्रयोगही रद्द होणार नाही. पण यांचं सांगते. त्या प्रयोगानंतर यांनी मला एकदाच विचारलं. दाढी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "कुठे होतीस गं?"

मी म्हटलं, "भाऊजी म्हणाले, इस्त्रीचा वास येतोय."

"होती चालू?"

"नाही. थंड होती."

हे ओठांवरचा डिंक नखाने काढत बसले. मग म्हणाले, "त्याला वास आला असेल."

पुन्हा कधी त्यांनी हा विषय काढला नाही. तुमच्या पहिल्या प्रयोगाला पहिल्या रांगेत जाऊन बसले, टाळ्या वाजवल्या. घरी येऊन म्हणाले, "दरवाजाशी घाई करतो, पण शिकेल." त्यानंतर त्यांनी तिसरा अंक कधी पुटपुटला नाही. खिडकीशी नुसते उभे राहायचे. डॉक्टर छातीचं म्हणाले. डॉक्टरांना जे दिसतं ते ते सांगतात.

यांना माहीत होतं का? मी याचा खूप विचार केला. माझा नवरा खुळा नव्हता. तुमच्याकडे बघितलं तेव्हाच त्यांना कळलं असणार. पण भाऊ गमावण्यापेक्षा वास आला असेल हे त्यांना परवडलं. मला ते परवडत नाही.

म्हणून आता माझी अट. पत्र नको मला. पत्रात तुम्ही काहीही लिहाल, वर पुन्हा सुंदर लिहाल. तालमीच्या दिवशी, दिवसाढवळ्या, सगळी कंपनी हजर असताना उभं राहून सांगायचं: इस्त्री थंड होती, मला माहीत होतं, आणि दादा माझ्याकडे बघत होता तेव्हा वाक्य माझ्या तोंडात होतं. नियती नको, शाप नको, काळ नको. सांगितलंत तर येईन. नाही सांगितलंत तर खुंटी आहेच.

तुमची वहिनी

३ मार्च

भाऊजी,

तुम्ही चिठ्ठीत विचारलंय की तालमीतून इतकी चिडून गेलेली मी दुसऱ्या दिवशी आले कशी, आणि पुढच्या प्रयोगांना येणार का. पुढचं मला अजून माहीत नाही. झालं ते सांगते.

तालमीला मी मागच्या रांगेत बसले होते. तुम्ही रंगमंचाच्या मध्यावर आलात आणि आधी काय केलंत, तर लाइटवाल्याला खूण केलीत. डोक्यावर उजेड पडला. मला तिथेच कळायला हवं होतं. सुरुवात केलीत, "मित्रांनो, याच रंगमंचावर एका भावाने..."

मी मागून ओरडले, "भाऊजी, इस्त्री!"

लोक हसले. तुम्ही गोंधळलात. हात कुठे ठेवावा ते तुम्हाला कळेना. मग तुम्ही ते म्हणालात. इस्त्री थंड होती. मला माहीत होतं. वहिनींना मी उठवलं. आणि दादा बघत होता तेव्हा वाक्य माझ्या तोंडात होतं. आयुष्यात पहिल्यांदा तुमचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचला नाही. मी पुढे वाकून ऐकलं. म्हणून मला ते खरं वाटलं.

तेवढ्यावर थांबायचं होतं! पण नाही. सगळे गप्प झाले आणि ती शांतता तुम्हाला सोसवेना. तुम्ही गुडघे टेकलेत. दोन्ही हातांनी तोंड झाकलंत. खांदे हलवलेत. आणि मेकअपवाल्या काकांनी टाळी वाजवली. मग दुसऱ्याने. मग सगळ्यांनी. जावईबापू तर डोळे पुसत उभे राहिले आणि म्हणाले, "काय माणूस आहे! हे सांगायला छाती लागते."

टाळ्या कसल्या, भाऊजी? कशाबद्दल? यांना हसणारे लोक आणि तुम्हाला टाळ्या देणारे लोक, जागा तीच, खुर्च्या त्याच. माझ्याकडे वळून एकाने बघितलं नाही. जाऊबाईंनी बघितलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, मांडीवरच्या संहितेवर दोन्ही हात दाबून बसल्या होत्या. मी उठले आणि निघाले. दारात काकांनी गाठलं, म्हणाले, "वहिनी, चहा तरी..." मी म्हटलं, "काका, बाजारात आता रस्ता ओलांडू नका, गाड्या फार असतात." आणि चालू लागले.

घरी आले, वाळलेले कपडे काढले, घड्या घातल्या. घड्या घालता घालता मोठ्याने म्हटलं, "सांगितलं हो त्याने." खोलीत कुणी नव्हतं, पण यांना काही सांगायचं तर मी घड्या घालतानाच सांगायची. आणि हे काय म्हणाले असते ते मला इतकं स्पष्ट ऐकू आलं की मी हसले आणि मग बसावंच लागलं मला. "गुडघे टेकायला नको होते. तिथे थांबायला हवं होतं."

अट होती ती तुम्ही पाळलीत. कशी पाळावी हे मी अटीत घातलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारचा प्रयोग होता. मी वेळेच्या आधी गेले. स्टुलाचा एक पाय डुगडुगत होता, त्याखाली पुठ्ठ्याची घडी सारली. जाऊबाईंनी संहिता माझ्या हातात दिली आणि माझ्या मागे उभ्या राहिल्या. पहिला अंक झाला, दुसरा झाला. तिसऱ्या अंकाआधी जावईबापू प्रधानाच्या वेशात विंगेत आले आणि माझ्या स्टुलाशी वाकले. पीस तेच आहे, भाऊजी, बदला ते आता.

"काकू," ते हळूच म्हणाले, "मागे काहीतरी जळतंय वाटतं. इस्त्री तर नाही ना?"

आदल्या दिवशी डोळे पुसत होते तोच माणूस. तुमच्याच तोंडून ऐकलं आणि तेवढंच शिकला.

"जळू दे," मी म्हटलं.

ते गेले. तुम्ही दरवाजाशी आलात. अडसरावरून हात फिरवलात आणि थांबलात. थांबणं चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. घाई नव्हती. मग तुमचा हात बकलावर आला. तुम्ही जावयाकडे बघितलंत. जावई तोंड मिटून तुमच्याकडे बघत उभा होता. मागे जाऊबाईंनी माझा खांदा घट्ट धरला.

मी तुम्हाला वाक्य दिलं. "हा दरवाजा," मी म्हटलं, "बाहेरून फुटलेला नाही."